पसरणीचा घाट आणि सुटलेला सराव

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट म्हणजे पुण्या-साताऱ्याकडच्या सायकलस्वारांची नेहमीची परीक्षा. सुमारे १२ किलोमीटरचा रस्ता, साडेपाचशे-सहाशे मीटरची चढण, म्हणजे सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास चढ. आजारपण, बाळंतपण, नोकरीची धावपळ अशा कुठल्याही कारणाने सहा महिने-वर्षभर सायकल भिंतीला टेकून राहिली, की परतणारा माणूस याच घाटाचा धसका घेतो. त्या धसक्यात बरेच गैरसमज मिसळलेले असतात.

सर्वांत निराश करणारा गैरसमज म्हणजे, सराव सुटला की सगळं गेलं, आता पुन्हा शून्यापासून. तसं होत नाही. व्यायाम थांबला की आधी घटतो रक्तातला द्रवभाग, प्लाझ्मा, आणि तोही पहिल्या दोन आठवड्यांतच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, म्हणून ओळखीच्याच चढावर ठोके वाढतात, धाप लागते. पण हा भाग जसा झटपट जातो तसाच नियमित राइड सुरू झाल्यावर झटपट भरूनही येतो. बऱ्याच वर्षांच्या सरावाने स्नायूंत वाढलेलं केशवाहिन्यांचं जाळं तर काही महिने बऱ्यापैकी टिकून राहतं.

खरी गोची इथूनच सुरू होते. दम आठवड्यांत सुधारतो, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनना पुन्हा भक्कम व्हायला महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ असं वाटतं, तेव्हा छाती तयार असते आणि गुडघा नसतो. परतणाऱ्यांनी सर्वांत जास्त जपायचा काळ हाच, हे मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

म्हणून गिअरचा प्रश्न महत्त्वाचा. हलक्या गिअरवर चढणं कमीपणाचं, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. तो मान मोठाच, पण ती शर्यत आहे. एकाच वेगाने चढताना मिनिटाला ४५ऐवजी ७० वेळा पाय फिरवले, तर प्रत्येक फेरीतला पायडलवरचा जोर एक तृतीयांशाहून जास्त घटतो. पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्यालाही ३४ दाते असतील, तर ७०च्या लयीत ताशी ९ किलोमीटरच्या आसपास वेग पडतो. पसरणी दीड तासाच्या आत संपते, आणि पाचगणीत पोचल्यावर जिना उतरता येतो. गिअर मात्र वळणाच्या आधी बदला. डावीकडच्या वळणात आतली कड अंगावर येते. तिथे पाय अडकल्यावर जोर लावून गिअर टाकला, तर चेन करकरते आणि सगळा झटका गुडघ्यालाही बसतो.

महागडी हलकी सायकल घेतल्यावर चढ सोपा होईल, हा खर्चिक गैरसमज. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा. तासाभराच्या चढात १ किलो कमी झाला, तर वाचतात जेमतेम ४० सेकंद. त्याऐवजी मागच्या चाकाला जास्त दात्यांची कॅसेट बसवा. गिअर बदलणारा मागचा डिरेल्युअर ती पेलतो का, एवढं मेकॅनिकला आधी विचारा.

वजन उतरवायचं म्हणून उपाशीपोटी घाट गाठणारेही भेटतात. पुण्याहून महाबळेश्वर म्हणजे जवळपास १२० किलोमीटर. एवढ्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, आणि दोन मध्यम केळ्यांत साधारण ५० ग्रॅम मिळतात. घाम वाहत असताना तासन्‌तास नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही; रक्तातलं सोडियम पातळ होतं. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी सोबत असू द्या.

दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. लॅक्टेट राइडनंतर तासाभरात बहुतेक निघून जातं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे, आणि २४ ते ७२ तासांत ते सर्वांत जास्त जाणवतं. दोन्ही मांड्या सारख्या ठणकत असतील तर हलकं चाला, फिरा. एकाच गुडघ्यात, एकाच जागी टोचत असेल तर ते वेगळं दुखणं आहे. तिथे जिद्द कामाची नाही.

घड्याळावरच्या ठोक्यांचंही तसंच. २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्याचा खरा आकडा त्यापेक्षा १०-१२ ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके मुळातच दाबून ठेवतात. चढावर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही कसोटी जास्त भरवशाची. छातीत दाब आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घाट तिथेच सोडायचा आणि डॉक्टर गाठायचा.

आणि उतार म्हणजे आराम नव्हे. दमलेल्या हातांना अख्ख्या घाटभर ब्रेक सांभाळायचे असतात, समोरून एसटी वळण खात येत असते. ब्रेक सतत घासत ठेवले की रिम तापते. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक वापरून कमी करा आणि वळणात ब्रेक मोकळे ठेवा. बोटं आखडू लागली तर कडेला थांबून हात झटका, मगच पुढे निघा.