भिंतीवरल्या अंमलदाराची बदली

मिनिआपोलिस शहराच्या दक्षिण भागात माझी कन्या व जावई ज्या घरात राहतात, त्या घराच्या दिवाणखान्यातून आतल्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात, साधारण माझ्या हनुवटीच्या उंचीवर, सोनेरी कड्याची एक वाटोळी डबी गेल्या जानेवारीपर्यंत भिंतीला बसविलेली होती. खरेदीखतात तिचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. आधीच्या मालकांकडून ती घराबरोबर वारशाने आली होती, इतकेच. कडे फिरवून काटा ७० अंशांवर आणावा (तिकडे अद्याप फॅरनहाइटची वहिवाट आहे, आपल्या हिशेबाने ते २१ झाले), की कसलाही आवाज न होता तिचा हुकूम तळघरात पोहोचावा, तिथली गॅसची भट्टी जागी व्हावी आणि थोड्याच वेळात जमिनीलगतच्या जाळ्यांतून उबदार वारा घरभर पसरावा, असा तिचा शिरस्ता. या डबीला निवृत्त करून तिच्या जागी वेळापत्रक पाळणारा नवा थर्मोस्टॅट नेमण्याचे जावईबापूंनी ठरविले, आणि त्या बदलीचा सबंध सोहळा, एका हातात विजेरी व दुसऱ्या हातात चहाचा पेला धरून, मला जवळून पाहता आला.

थर्मोस्टॅट या शब्दाला आपल्याकडचा माणूस बिचकतो. वस्तुतः तो आपल्या घरोघरी नांदत आहे. इस्त्री पुरेशी तापली म्हणजे तिच्या पोटात जी 'टक्' होते, ती त्याचीच. निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून जोडल्या, तर उष्णतेने एक अधिक लांबते, दुसरी कमी, आणि या ओढाताणीत जोडपट्टी वाकते. त्या वाकण्याला कामाला जुंपणाऱ्या यंत्राचे पेटंट अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने १८३० साली घेतले व त्याला हे ग्रीक बनावटीचे नावही दिले. जावईबापूंनी डबीचे झाकण काढले, तेव्हा आत तीच पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून बसलेली दिसली. तिच्या डोक्यावर काचेची बोटाच्या पेराएवढी कुपी आणि कुपीत पाऱ्याचा एक टपोरा थेंब. खोली गार झाली की कमान किंचित वळते, कुपी कलते, पारा या टोकाकडून त्या टोकाकडे घरंगळतो आणि तिथल्या दोन तारांची गाठ घालून देतो. एवढाच काय तो कारभार. परंतु तो कलण्यावर अवलंबून असल्यामुळे डबी भिंतीवर बसविताना गवंड्याप्रमाणे पाणसळ लावून पाहावी लागे, आणि ती तिरपी बसली तर साऱ्या घराला दोन-चार अंशांचा खोटा हिशेब आयुष्यभर सोसावा लागे.

या डबीचे माहेर त्याच शहरातले, हे मला नंतर कळले. इमारतींना ऊब पुरविण्याचे काम पूर्वी किती दगदगीचे होते याची कल्पना विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथील अध्यापक-विद्यालयाच्या कथेवरून येते. तेथला शिपाई दर थोड्या वेळाने एकेका वर्गात शिरून तापमापक पाही, मग खाली तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करी, आणि पुन्हा वर येई. शिकविण्यात वारंवार येणाऱ्या या व्यत्ययाला कंटाळून वॉरन जॉन्सन या प्राध्यापकाने विजेचे असे एक यंत्र रचले, की वर्गातले तापमान ढळले म्हणजे तळघरात घंटा वाजावी. त्याचे पेटंट १८८३ चे. त्यानंतर दोनच वर्षांनी मिनिआपोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ या मूळच्या स्विस संशोधकाने शिपायालाही रजा दिली. घर गार झाले की त्याच्या यंत्रातली छोटी मोटर कोळशाच्या भट्टीच्या हवेचे झाकण आपण होऊन उघडी, घर तापले की मिटवी. त्याने काढलेली कंपनी पुष्कळ हातांतून फिरत गेली आणि १९२७ साली इंडियानातल्या मार्क हनीवेलच्या कंपनीशी एकरूप झाली. बोळातल्या भिंतीवरची वाटोळी डबी त्याच घराण्यातली, १९५३ साली बाजारात आलेली. तिचे रूप हेन्री ड्रेफस या नामांकित रचनाकाराचे. चौकोनी डबी जरा वाकडी बसली तर ती भिंतीवर ठसठशीत दिसते, वाटोळी मुळी वाकडी दिसतच नाही, हा तिच्या गोलाईतला एक मोठा सोयीचा भाग. अर्थात बाहेरून सरळ दिसली तरी आतला पारा फसत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर मग इतक्या इमानी चाकराला काढायचे कारण काय? कारण असे, की त्याला वेळ कळत नाही. दुपारी घर ओस असो की रात्री सारे रजयांत गुरफटलेले असोत, तो आपले ७० अंश धरून बसणार. घरातून बाहेर पाझरणारी उष्णता ही आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते, म्हणून फरक जितका वेळ कमी ठेवावा तितके इंधन वाचते; रात्री निवविलेले घर पहाटे पुन्हा तापविण्यात सारी बचत खर्ची पडते, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा, की रोज आठ तास ७ ते १० अंशांनी काटा खाली आणला, तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. १९७७ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि दिवसा ६५ व रात्री ५५ अंशांवर भागवा, असे त्यांनी देशवासीयांना विनविले. परंतु रोज रात्री आठवणीने कडे फिरविणारी माणसे थोडी, आणि पहाटे थंडीत उठून ते परत फिरविणारी त्याहून थोडी. घड्याळ जोडलेले थर्मोस्टॅट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच निघाले होते. पुढे विद्युत्-मंडले आली आणि आठवड्याच्या सातही दिवसांचे वेळापत्रक पाळणारी यंत्रे स्वस्त झाली. तथापि ती वापरायला इतकी किचकट निघाली, की लोक वेळापत्रक गुंडाळून ठेवून हातानेच अंश बदलीत राहिले, आणि अपेक्षित बचत हाती न आल्यामुळे सरकारच्या 'एनर्जी स्टार' योजनेने अशा यंत्रांना दिलेला मानाचा शिक्का २००९ अखेर काढून घेतला.

बदलीचा मुहूर्त एका रविवारी सकाळी. बाहेर फॅरनहाइटचे शून्य, म्हणजे आपले उणे १८. भिंतीतून पाच तारा बाहेर आलेल्या होत्या: लाल 'आर', म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी २४ व्होल्टची आवक, पांढरी 'डब्ल्यू', ऊब मागणारी, पिवळी 'वाय', उन्हाळ्यात गारवा मागणारी, हिरवी 'जी', पंख्याची, आणि पाचवी निळी, जी आजवर कुणी कशालाच जोडली नव्हती आणि भिंतीच्या पोकळीत मुटकुळे करून पडली होती. जुनी डबी बिनपगारी होती, तिला स्वतःसाठी वीज लागत नसे. नव्या यंत्राला पडदा उजळत ठेवायचा, घराच्या वायफायशी बोलायचे, म्हणून त्याला अष्टौप्रहर शिधा हवा. आणि तो चालू राहायचा तर 'सी' नावाची परतीची वाट लागते. ती वाट म्हणजे ही निळी तार. जावईबापूंनी तळघरात जाऊन तिचे दुसरे टोक भट्टीच्या पटलावर 'सी'ला आवळले, वर येऊन प्रत्येक तारेला अक्षराची चिठ्ठी लावली आणि सगळ्याचे छायाचित्र घेतले. सारे पुस्तकाबरहुकूम.

एकच गोष्ट राहून गेली. विजेच्या फलकावर ज्या खटक्यापुढे आधीच्या मालकांनी पेन्सिलीने 'भट्टी' असे लिहिले होते, तो खटका भट्टीचा नव्हता. तो पाडल्यावर तळघरातले दिवे मात्र गेले होते. वर पेचकसाने लाल तार सोडविताना तिचे उघडे टोक निळीला शिवले, तीळभर ठिणगी उडाली आणि तळघरातून येणारी घरघर एकाएकी थांबली.

"बाबा, फ्यूज गेला वाटतं," जावईबापू अत्यंत शांतपणे म्हणाले. तो शांतपणा मला फारसा आश्वासक वाटला नाही.

भट्टीच्या पटलावर ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज असतो, मोटारगाडीत असतो तसाच. ते एक बरे, कारण रविवारी भट्टीचा कारागीर मिळत नाही, पण मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान उघडे असते. तो आणीपर्यंत घर ६२ अंशांवर उतरले होते आणि आमच्या घरच्यांनी नातवाला शाल, मफलर व माझी कानटोपी घालून शेंदूर फासलेल्या देवासारखे कोचावर प्रतिष्ठित केले होते.

नवा फ्यूज बसविल्यावर, नवा थर्मोस्टॅट भिंतीवर चढविण्यापूर्वी, जावईबापूंनी जी परीक्षा घेतली ती मी विसरणार नाही. वीज बंद करून (या वेळी खरोखरीची) त्यांनी भिंतीतल्या लाल आणि पांढऱ्या तारेची टोके नुसती एकमेकींना पिळली, खाली जाऊन वीज सुरू केली, आणि आम्ही दोघे भट्टीपुढे उभे राहिलो. आधी धूर ओढणारी छोटी मोटर गुणगुणू लागली. तिने पुरेसा दाब निर्माण केला अशी खात्री पटल्यावर आतली ज्वलनकांडी हळूहळू नारिंगी झाली. अर्ध्या मिनिटाने गॅसची झडप 'खट्' उघडली आणि निळ्या ज्वाळांची रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत गेली. आणखी थोड्या वेळाने मोठा पंखा फिरू लागला. वर भिंतीवर कोणतेही यंत्र नव्हते. सत्तर वर्षांचे शहाणपण, पारा, कमान, पडदा, घड्याळ या सर्वांच्या वतीने दोन तारांचा पीळ हुकूम देत होता आणि भट्टी तो बिनतक्रार पाळत होती. लवकर ऊब यावी म्हणून मी आजवर जे कडे ८० पर्यंत पिरगाळीत आलो, ते किती व्यर्थ होते हे मला त्या क्षणी उमजले; भट्टीला 'किती' कळतच नाही, तिला फक्त 'हो' आणि 'नाही' कळते.

पुढचे काम सोपे. तारांच्या भोकातून भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट यंत्राच्या पाठीवर येते व त्याला खोली आहे त्याहून थंड भासते, म्हणून ते भोक लांबीने बुजविले. गारव्याची परीक्षा मात्र मे महिन्यावर ढकलली, कारण बाहेर इतकी थंडी असताना वातानुकूलनाचा काँप्रेसर चालविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

यंत्राच्या मते मनुष्याच्या दिवसाचे भाग चार: उठणे, बाहेर जाणे, परतणे, निजणे. कन्येने ते भरून दिले. सोमवारी सकाळी मंडळी कामाला व शाळेला गेली, आणि साडेनवाच्या सुमारास वर्तमानपत्र वाचता वाचता माझी बोटे गार पडू लागली. भट्टी मोडली असे मी घरच्यांना जाहीर केले, दोघांनी स्वेटर चढविले, दुपारी पिठले खाऊन पांघरुणात शिरलो. तो बरोबर चारला पायांखालून वारा वाहू लागला. घर आठ ते चार रिकामे असते असे यंत्राला सांगितले होते, आणि त्याच्या दप्तरी आम्हा दोघांची नोंदच नव्हती! संध्याकाळी कन्येला हसू आवरेना. पडद्यावर बोट ठेवून तापमान वाढविले की ते पुढच्या प्रहरापर्यंत टिकते, आणि कायमचे टिकवायचे तर 'होल्ड' करावे, एवढे ज्ञान मला त्या दिवशी प्राप्त झाले.

याच पडद्याला कुलूपही आहे. चार आकडे दाबल्याविना कोणी अंश बदलू नये, अशी तजवीज नातवासाठी केली होती. आकडे घराच्या दारावरच्या क्रमांकाचेच असल्याने ती तीन दिवस टिकली. त्याहून गंभीर बंदोबस्त बाहेरच्यांसाठी. फोनवरून जे यंत्र आपण चालवू शकतो, ते दुसराही चालवू शकेल. २०१६ साली लास व्हेगासच्या 'डेफ कॉन' संमेलनात दोघा ब्रिटिश संशोधकांनी एका थर्मोस्टॅटच्या पडद्यावर चक्क खंडणीची मागणी झळकवून दाखविली होती. तो प्रयोग होता. टेक्ससमध्ये २०२१ च्या जूनमधले प्रकरण मात्र प्रयोग नव्हे: ऐन उकाड्यात काही घरांचे थर्मोस्टॅट दुरून वर चढविले गेले, आणि चौकशीअंती निघाले असे, की वीज-बचतीच्या एका योजनेत, बक्षिसाच्या सोडतीत नाव जावे म्हणून, मालकांनीच तसे कुलमुखत्यारपत्र दिले होते. बारीक अक्षर वाचायला कोणाला सवड असते? जावईबापूंनी यंत्राचा मूळचा परवलीचा शब्द बदलला, खात्याला फोनवर येणाऱ्या आकड्याची दुसरी कडी लावली, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायवर त्याची रवानगी केली म्हणजे घरातल्या संगणकांशी त्याची ऊठबस नको, आणि वीजपुरवठादाराकडून आलेले योजनेचे निमंत्रण, इनामासकट, नाकारले. नव्या आज्ञावली मात्र वेळच्या वेळी आपोआप उतरू दिल्या.

जुन्या डबीतला पारा विषारी, तो मिनेसोटात कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी. म्हणून ती कौंटीच्या संकलन केंद्रावर पोहोचवेपर्यंत गॅरेजच्या फळीवर, जुन्या रंगाच्या डब्यांशेजारी ठेवली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगा बांधायची दोरी शोधायला मी तिकडे गेलो. गॅरेजात हाडे गोठविणारी थंडी. डबी उचलली, सरळ धरली, झाकण काढून पाहिले: कमान कचकचून वळलेली होती, काटा ७० वरच होता आणि पाऱ्याचा थेंब 'पेटवा' म्हणणाऱ्या टोकाला जाऊन, दोन्ही तारा धरून बसला होता.