खूण जागेला नको, शब्दाला हवी

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्या माणसांच्या आठवणी आम्ही दोघे टिपून ठेवतो. मी नांदेडला, माझे मित्र लातूरला. काही बायकांनी ‘आमचं नाव छापू नका’ असे बजावले होते. अशी नावे संगणकावर पिवळ्या पट्टीने रंगवायची आणि छपाईआधी बदलायची, असे ठरले. त्यासाठीचा छोटा प्रोग्राम मीच लिहिला.

एके दिवशी मित्रांचा फोन आला. “अहो, तुमची पट्टी ‘विहीर’ या शब्दावर बसलीय, आणि बाईंचं नाव उघडंच आहे!” माझ्याकडे सारे ठीक दिसत होते. फरक एवढाच की, त्यांनी विंडो अर्धी करून शेजारी दुसरी फाइल उघडली होती.

चूक माझीच होती. पट्टीची जागा मी पडद्याच्या मापात साठवली होती: डावीकडून इतके पिक्सेल, वरून इतके. विंडो अरुंद झाली की ओळी नव्याने मोडतात, तिसऱ्या ओळीतला शब्द चौथीत उतरतो. मजकूर सरकतो, पट्टी तिथेच राहते.

खरे तर नांदेडकराला हे आधीच सुचायला हवे होते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी येथेच ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले. त्या ग्रंथाच्या प्रचलित छापील प्रतींत १४३० पाने, म्हणजे ‘अंग’ असतात आणि ठरलेला मजकूर ठरलेल्याच अंगावर येतो. म्हणून संदर्भाला अंगाचा क्रमांक पुरतो. ज्ञानेश्वरीचे तसे नाही. प्रतींचे आकार निरनिराळे, त्यामुळे आपण पान न सांगता अध्याय आणि ओवी सांगतो. विंडोतला मजकूर ज्ञानेश्वरीसारखा आहे. त्याचे पान कायम नसते.

म्हणून आता मी मजकुराच्या आरंभापासून मोजलेले चिन्हांचे क्रमांक साठवतो: नाव कुठे सुरू होते, कुठे संपते. विंडोचा आकार बदलला की आधी ओळी नव्याने लागू द्यायच्या, मग ती चिन्हे आता कुठे आहेत हे मजकूर मांडणाऱ्या यंत्रणेलाच विचारायचे आणि पट्टी पुन्हा रंगवायची. नाव दोन ओळींत तुटले तर दोन पट्ट्या.

देवनागरीत येथे आणखी एक खाच आहे. ‘लातूर’ला डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये ती पाच चिन्हे असतात. ‘क्षि’ची चार. त्यातली वेलांटी साठवताना शेवटी, पण दिसताना सर्वांत आधी! एकेका चिन्हाची रुंदी मिळवून बेरीज केली तर पट्टी अक्षराच्या मध्येच कापली जाते. रुंदी पूर्ण जोडाक्षराचीच घ्यावी लागते.

तरीही एक धोका उरतो. मजकुरात वर एक वाक्य घातले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या संपादित प्रतींत ओव्यांची संख्या थोडी वेगळी असल्याने असेच होते. तेव्हा क्रमांकाबरोबर ओवीचे शब्दही दिलेले बरे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१७ साली टिपणांसाठी जो नमुना मान्य केला, त्यातही क्रमांकांबरोबरच मूळ शब्द आणि त्यांच्या मागचापुढचा मजकूर साठवण्याची सोय आहे. मी आता दोन्ही साठवतो. क्रमांकावर नाव सापडले नाही तर प्रोग्राम ते शोधतो, आणि तरीही न सापडल्यास पट्टी न रंगवता आम्हाला विचारतो.

जुन्या खुणा मात्र वाचल्या नाहीत. त्या किती रुंद विंडोत केल्या होत्या, हे मी नोंदवलेच नव्हते. सगळ्या मुलाखती आम्ही दोघांनी पुन्हा ओळीओळीने वाचल्या. नाव छापणार नाही, असा शब्द आम्ही त्या बायकांना दिला होता.