शिशाला मिळालेली सवलत

साकीनाका, मरोळ, घाटकोपर, मुलुंड... इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटींतल्या गाळ्यांत ट्रॉब मशीन, म्हणजे आपोआप चालणारं लेथ, दिवसभर फिरतं. तेलाच्या धारेखाली सळई पुढे सरकते, टूल लागतं आणि बुश, पिना, स्क्रू ट्रेमध्ये पडत राहतात. या कामाचा लाडका माल म्हणजे लेडेड ईएन-वन-ए हे शिसं घातलेलं पोलाद. त्यात शिसं असतं ०.१५ ते ०.३५ टक्के. ते पोलादात विरघळत नाही, बारीक कण होऊन अडकून बसतं आणि ३२७ अंशांना वितळून टूलच्या तोंडाशी वंगणाचं काम करतं. चिप आखूड तुटते, धार टिकते. १२१२ या ग्रेडची यंत्रणसुलभता १०० धरली, तर बिनशिशाच्या १२१५ ची साधारण १३६ आणि ईएन-वन-ए च्याच जातीच्या लेडेड १२एल१४ ची १७० धरतात. सगळं दुखणं या फरकातच आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत हे पोलाद आलं, तेव्हा शिशाच्या धुराची फिकीर कुणी फारशी केली नसावी. खरा धोका लेथपेक्षा भट्टीपाशी: रसात शिसं घालताना आणि पुढे तेच भंगार पुन्हा वितळवताना.

पर्याय बरेच शोधले गेले. पिट्सबर्ग विद्यापीठात १९९० च्या दशकात शिशाऐवजी कथील घालून पाहिलं. बिस्मथ गुणाने शिशाच्या सर्वांत जवळचं, पण महाग. शिवाय ते बरंचसं शिशाच्याच शुद्धीकरणातून निघतं! पोलादातल्या मँगनीज सल्फाइडच्या कणांचा आकार आणि विखुरणी सुधारणं हा त्यातला सर्वांत चिवट मार्ग.

१ जुलै २००६ ला इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या घातक पदार्थांवरची युरोपची आरओएचएस बंधनं लागू झाली आणि शिसं संपलं, असं वाटलं. पण यंत्रकामाच्या पोलादाला ०.३५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळाली, म्हणजे वापरात होतं तेवढं सगळंच चालू राहिलं. भारताच्या २०१६ च्या ई-कचरा नियमांनीही तोच आकडा उचलला. माझ्या मते संशोधनाची धग तिथेच गेली.

२०१८ मध्ये शिसं युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आलं. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या मालात ०.१ टक्क्यांहून जास्त शिसं असेल, तर ते सांगावं लागतं. कायद्याने जे साधलं नाही, ते शिशाची माहिती मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या फॉर्मने थोडंफार साधलं. आता १२१५ मागणारं गिऱ्हाईक येतं. स्पीड उतरवावा लागतो, टूलला धार लवकर लावावी लागते, आणि दर ठरतो नगावर. जादा सेकंदांचे पैसे कोण देणार, हे ऑर्डर घेतानाच बोलून घ्यावं लागतं.