डब्याच्या पाठीवरची अक्षरे

डिझेल जनरेटरांच्या धुरावरील नव्या मर्यादा १ जुलै २०२३ पासून अमलात आल्या, हे वृत्त आता सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या हुकुमाची जी छाया बाजारावर पडली आहे तिचा विचार फारसा झालेला नाही. नव्या यंत्रात 'सिंथेटिक' ऑइलच घातले पाहिजे, अशी समजूत जनरेटर, डिझेल वेल्डिंग सेट व काँक्रीट मिक्सर बाळगणाऱ्या लहान ठेकेदारांत दृढ होत चालली असून, महागडे डबे केवळ त्या एका शब्दाच्या भरवशावर घेतले जात आहेत. हा पैसा कष्टाचा आहे. म्हणून त्या शब्दाची नीट झडती घेणे अगत्याचे वाटते.

गेल्या वैशाखात सोलापूर जिल्ह्यातील एका नळपाणी योजनेच्या कामावर, पारा ४२ अंशांवर गेलेला असताना, असा एक वेल्डिंग सेट मी दिवसभर पाहत बसलो होतो. सकाळी सुरू झालेले इंजिन दुपारच्या भाकरीपर्यंत थांबले नाही. मात्र प्रत्यक्ष काडी पेटे ती थोडाच वेळ, कारण नळांची तोंडे जुळविणे, ग्राइंडर मारणे, जोडावरचा स्लॅग हातोडीने झाडणे यांतच बहुतेक वेळ जाई, आणि तेवढा वेळ इंजिन बिनभाराचे धडधडत राही. भार नसला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, आणि त्याची काजळी व न जळालेला अंश पिस्टनच्या रिंगांवरून उतरून चेंबरमधील तेलात मिसळतो. तेथील वयोवृद्ध मिस्त्रींनी ऑइलची पट्टी फडक्याला पुसून, पुन्हा बुडवून मला दाखविली. तेल डांबरासारखे काळे होते. पण काळे झाले म्हणून ते बदलायचे नसते, तास भरले म्हणून बदलायचे असते, हे त्यांनी मोठ्या निश्चयाने सांगितले. त्यांचे म्हणणे यथार्थ आहे. काजळीची गुठळी होऊ न देता ती तरंगत ठेवणे हे डिझेल इंजिनातील तेलाचे विहित कर्तव्यच होय. ती शक्ती संपली की तेल निकामी होते, आणि रंग मात्र तोच राहतो.

आता मूळ शब्दाकडे. वंगणाच्या मूळ तेलांचे पाच वर्ग मानलेले आहेत. त्यांपैकी चौथ्या वर्गातील तेल रासायनिक घडणीने, रेणू जोडून तयार होते, तर तिसऱ्या वर्गातील तेल खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळते. या तिसऱ्या वर्गाला 'सिंथेटिक' म्हणावे की नाही, यावरून अमेरिकेत मोबिल व कॅस्ट्रॉल यांच्यात तंटा झाला, आणि जाहिरातींच्या खरेपणाची छाननी करणाऱ्या तेथील संस्थेने १९९९ साली कॅस्ट्रॉलच्या बाजूने, म्हणजे तसे म्हणण्यास मुभा देणारा, निवाडा दिला. तिसऱ्या वर्गाचे तेल उत्तम असते, याविषयी वाद नाही. परंतु त्या निवाड्यापासून डब्याच्या दर्शनी भागावरील तो शब्द तेलाच्या घडणीचा निश्चित दाखला राहिलेला नाही, हे ग्राहकाने पक्के ध्यानात ठेवावे.

सिंथेटिकचे गुण खरे आहेत, पण ते विशिष्ट परिस्थितीत फळतात. '१५डब्ल्यू' तेलाची थंडीतील चाचणी उणे २० अंशांवर होते, '५डब्ल्यू'ची उणे ३० अंशांवर. लेहच्या हिवाळ्यात पहाटे इंजिन चालू करणाऱ्यास हा दहा अंशांचा फरक अमूल्य आहे, सोलापुरात त्याचे काहीच प्रयोजन नाही. उष्णतेची बाजू मात्र आपल्याकडे लागू पडते: पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनात तेल फार तापते, आणि तेथे सिंथेटिक तेल सावकाश आंबते व कमी उडते. असे यंत्र उन्हात राबत असेल तर जादा किंमत रास्त आहे.

परंतु काजळी, तेलात उतरलेले डिझेल आणि एअर फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ यांवर मूळ तेलाच्या कुळाचा इलाज चालत नाही. म्हणूनच महाग तेल घातले म्हणून बदलण्याची मुदत दुप्पट करणे ही मला घोर चूक वाटते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत १० भागांपुरतेच उरल्याने तेलातील आम्लाचे भय पुष्कळ ओसरले, हे खरे. काजळीचे ओसरलेले नाही.

निवड करावयाची ती डब्याच्या पाठीवरून. प्रथम इंजिनाच्या पुस्तिकेतील ग्रेड, बहुधा १५डब्ल्यू-४०. मग सेवेची अक्षरे. जुन्या सेटला सीआय-४ पुरे. ज्या नव्या यंत्राच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारा फिल्टर आहे त्याला कमी राखेचे सीके-४ हवे, कारण तेलातील राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. हे सीके-४ साध्या खनिज तेलातही मिळते. नव्या नियमांसाठी सिंथेटिकच हवे, असा अर्थ कोठेही निघत नाही.

माझी ठेकेदार बंधूंना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी तेल बदलाल त्या दिवशी मीटरवरचा तासांचा आकडा आणि तारीख यंत्राच्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवा, आणि पुस्तिकेतील तास भरताच, सेट कितीही घाईच्या कामावर असला तरी, तो बंद करून तेल व फिल्टर दोन्ही बदला.