थंड मशीनची पहिली ओढ

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर होडीच्या मागच्या फळीला अडकवलेली मोटर आता वल्ह्याइतकीच नेहमीची झाली आहे. दिवसभर इमानाने चालणारी ही मशीन सकाळी मात्र हटून बसते. नाखवा दोरी ओढून ओढून घामाघूम होतो, ओहोटी लागलेली असते, आणि एकदाची पेटली की दुपारी तीच मशीन एका ओढीत सुरू होते. ‘गरम झाली की बरी चालते’ म्हणून पुष्कळजण अख्खा हंगाम असाच काढतात. खरं तर गरम इंजिन आपले दोष झाकून घेतं आणि थंड इंजिन ते उघडे पाडतं. म्हणून दुखणं शोधायचं तर सकाळीच शोधावं.

होडीमागे टांगायच्या मोटरीचा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने, 1909 साली, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात. त्याची मोटर दीड अश्वशक्तीची आणि 62 पौंडांची, म्हणजे सुमारे 28 किलोची होती. दोरी नव्हतीच, वरच्या फ्लायव्हीलला एक मूठ असे, ती हाताने गरकन फिरवायची. उलटा फटका बसला तर बोटं सोलवटून निघत. एव्हिनरूडच्या नावाने निघणाऱ्या मोटरींचं उत्पादन 2020 साली थांबलं, पण त्याचा आराखडा टिकला: वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पंखा.

कोकणात बर्फ पडत नाही, मग थंडीचा प्रश्न येतो कुठून? पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. पेट्रोलमधला हलका भाग साध्या हवेतच उडतो, जड भागाला मात्र बरीच उष्णता लागते. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात ही उष्णता नसते, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि पेट्रोल जास्त जाऊ द्यायचं. त्यातला हलका भाग पेटण्यापुरती वाफ देतो. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत, जून-जुलैचे दोन महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधला नेमका हाच भाग उडून गेलेला असतो. असं शिळं पेट्रोल गरम मशीन चालवतं, थंड मशीन पेटवत नाही.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. खारी, दमट हवा टाकीच्या झाकणातून आत येत राहिली की पाणी साठतं आणि ठराविक मर्यादेनंतर इथेनॉलसकट तळाशी बसतं. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर पुढची तपासणी करण्याआधी टाकी रिकामी करा.

चांगला मिस्त्री टाकीपासून सुरुवात करून प्लगकडे जातो, म्हणजे फुकटच्या तपासणीकडून खर्चाच्या तपासणीकडे. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते पाहायचं. मग नळीतला रबरी बल्ब बाणाची दिशा वर ठेवून दाबायचा. काही दाबांत तो कडक व्हायला हवा. मऊच राहिला तर जोडणीतली रबरी रिंग हवा खेचते आहे, किंवा बल्बच्या आतली झडप गेली आहे. कडक झालेला बल्ब रात्रीतून ढिला पडणं चालतं. सकाळी तो पुन्हा दाबायचा, एवढंच.

पुढे कार्बोरेटर. तोंडावरचं झाकण काढून चोकची गोल पट्टी पूर्ण बंद होते का, ते डोळ्यांनी पाहावं. बाहेरची मूठ पुरती ओढलेली असते, पण मिठाने जाम झालेली जोडणी आत पट्टी अर्धवटच फिरवते, असं बऱ्याचदा होतं. फोर-स्ट्रोकमध्ये मंद गतीच्या जेटचं भोक इतकं बारीक असतं की वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर ते सहज बुजवतो. ते तारेने कोरू नये. कार्बोरेटर-क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करावं.

आता प्लग काढा. बऱ्याच ओढींनंतरही टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोचलेलं नाही. ओलं असून पेट्रोलचा दर्प येत असेल तर मशीन ओव्हरफ्लो झाली आहे: चोक बंद करा, थ्रॉटल उघडा, प्लग पुसून लावा आणि ओढा. टोकाशी पाण्याचे थेंब दिसले तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. काळा, तेलकट थर असेल तर तेलाचं प्रमाण तपासा. बहुतेक नव्या टू-स्ट्रोकना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली तेल पुरतं.

ठिणगी पाहायची तर सांडलेलं पेट्रोल पुसून, उघड्या प्लगछिद्रापासून दूर. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मोटरींची ठिणगी फ्लायव्हीलमधल्या चुंबकांच्या वेगावर ठरते, म्हणून दोरी रेंगाळत ओढली की ठिणगीही मरतुकडी. आधी हळू ओढून दोरी अडकल्याचं हाताला कळू द्यायचं, मग एक जोरकस झटका. ठिणगी अजिबातच नसेल तर लाल दोरीचा सुरक्षा-क्लिप जागेवर आहे का ते आधी पाहा; खाऱ्या पाण्याने स्टॉप-स्विचच आतून जुळून बसणं हे किनाऱ्यावरचं जुनं दुखणं.

हे सगळं ठीक असूनही हाल चालूच राहिले, तर कॉम्प्रेशन गेज लावायचा. दोन सिलिंडरमध्ये मोठा फरक असेल, किंवा टू-स्ट्रोकच्या क्रँकचे सील गळत असतील, तर मात्र खर्च अटळ. पण सुरुवातच इथून करणाऱ्या मिस्त्रीच्या हाती मशीन देऊ नये.

यातला बराचसा त्रास आदल्या संध्याकाळीच टाळता येतो. मोटर पिंपातल्या गोड्या पाण्यात चालवायची आणि पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवायची. पाण्याशिवाय मात्र क्षणभरही नको, पंपाचा रबरी पंखा जळतो. होडीत दोन कोरे प्लग, प्लगपाना आणि फ्लायव्हीलला गुंडाळायची जादा दोरी ठेवावी. वल्हीही ठेवावीत, कारण मशीन कितीही जपली तरी भरती तिच्यासाठी थांबत नाही.