रिपोर्ट नॉर्मल, बाई आजारी

चौतिसाव्या आठवड्यातल्या गरोदर बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं, तर आपल्याकडच्या बहुतेक लॅबच्या छापील कागदावर त्यापुढे कसलीही खूण नसते. शेजारच्या रकान्यात ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली असते आणि १.१ तिच्यात बसतं. त्याच कागदावर खाली अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र ठळक अक्षरांत, वर जाणारा बाण लावून आलेलं असतं. घरचे लोक त्या बाणाला घाबरतात. खरं तर दचकायचं ते १.१ पाहून. गरोदरपणात क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.८ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज बहुधा वाढतं ते वारेमुळे, त्यात यकृताचा काही दोष नसतो.

मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या कशा सापडल्या, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात बऱ्यापैकी सांगितली गेली आहे. या तपासण्या गरोदर बाईच्या बाबतीत वाचायच्या कशा, हे शिकायला मात्र फार उशीर लागला, आणि ते शिकणं अजून लॅबच्या कागदापर्यंत पोचलेलं नाही. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण बायका दगावतात त्या इथे.

सुरुवात लघवीपासून झाली. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावर सूज असलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. ती दह्यासारखी साकळली, म्हणजे तिच्यातून प्रथिन जात होतं, आणि अशा रोग्यांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडं खराब झालेली दिसली. त्याच रुग्णालयातले जॉन लीव्हर यांनी १८४३ साली हीच परीक्षा बाळंतपणात झटके येणाऱ्या बायकांवर केली. बहुतेकींच्या लघवीत प्रथिन सापडलं. पण लीव्हर तिथे थांबले नाहीत. बाळंतपणानंतर त्यांनी लघवी पुन्हा तपासली आणि प्रथिन ओसरत गेल्याचं नोंदवलं. म्हणजे हा ब्राइट यांचा जुना मूत्रपिंडविकार नव्हता. गरोदरपणाबरोबर येणारा आणि गरोदरपणाबरोबर जाणारा हा वेगळाच आजार होता. एकाच बाईची तीच तपासणी पुन्हा करून दोन निकालांची तुलना करायची, हा धडा पावणेदोनशे वर्षांपूर्वी लीव्हर यांनी घालून दिला होता.

रक्तदाब तेव्हा मोजताच येत नव्हता. दंडाला बांधायची पट्टी रिवा-रोची यांनी १८९६ साली आणली, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये वाकेझ यांनी झटके येणाऱ्या बायकांचा रक्तदाब चढलेला असतो हे दाखवलं. प्रथिन आणि रक्तदाब ही जोडी तेव्हा जमली ती शंभराहून अधिक वर्षं टिकली.

ब्राइट यांची चमचा-मेणबत्तीची रीत आपल्याकडे परीक्षानळी आणि स्पिरिटच्या दिव्याच्या रूपात कितीतरी दशकं चालली. नळी पाऊण भरायची, खालून धरायची आणि फक्त वरचा भाग ज्योतीवर धरायचा. खालची लघवी तशीच राहते, त्यामुळे वर आलेला गढूळपणा लगेच नजरेत भरतो. मग सौम्य अॅसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा फॉस्फेटमुळे असेल तर विरघळतो, प्रथिनामुळे असेल तर राहतो. यंत्र नाही, वीज नाही, खर्च जवळजवळ शून्य. एएनएम सिस्टरला ही परीक्षा यायची आणि तेवढ्यावर एखादी बाई वेळेत तालुक्याला पाठवली जायची. १९५७ च्या सुमारास कागदी पट्टी आली आणि काम आणखी सोपं झालं. पट्टीचेही दोष आहेत. लघवी पातळ असेल तर ती प्रथिन कमी दाखवते, योनीतला स्राव मिसळला तर उगाच जास्त. म्हणून चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून प्रथिन ३०० मिलिग्रॅमच्या वर आहे का ते पाहायचं, अशी रीत पडली. आता लघवीच्या एकाच नमुन्यातलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पुरतं, ते ०.३ च्या वर गेलं की दखल घेतात.

रक्ताच्या तपासण्या मागून आल्या. क्रिएटिनिनला पिक्रिक आम्ल आणि अल्कली दिली की नारिंगी-लाल रंग येतो, हे माक्स याफे यांनी १८८६ साली पाहिलं. ऑटो फोलिन यांनी १९०४ पासून त्या रंगावरून प्रमाण मोजायची रीत बसवली. कावीळ मोजायची व्हॅन डेन बर्ग यांची परीक्षा १९१६ ची. एसजीओटी, एसजीपीटी ही आज प्रत्येकाच्या तोंडी असलेली एन्झाइम्सची नावं १९५० च्या दशकात पुढे आली, त्यातलं एसजीओटी तर आधी हृदयविकाराच्या झटक्याची खूण म्हणून.

याफे यांची रंगाची रीत आजही आपल्या असंख्य लॅबमध्ये चालते, कारण ती स्वस्त आहे. तिची एक खोड बाळंतपणाच्या वॉर्डात फार महागात पडू शकते. रक्तात बिलिरुबिन खूप वाढलेलं असेल तर या पद्धतीत क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. म्हणजे काविळीने पिवळी झालेली गरोदर बाई, जिची मूत्रपिंडं बंद पडायला लागली आहेत, तिचाच आकडा दिलासा देणारा यायचा. एन्झाइमच्या पद्धतीत हा घोळ कमी होतो, पण ती महाग पडते. नमुना कोणत्या पद्धतीने तपासला हे कागदावर छापलेलं असलं, तरी ते वाचतं कोण?

क्रिएटिनिन गरोदरपणात मुळात खालीच असतं, हे नीट कळायला १९५८ साल उजाडलं. अमेरिकेत सिम्स आणि क्रांट्झ यांनी त्याच त्या बायकांची गरोदरपणात पुन्हा पुन्हा आणि बाळंतपणानंतरही मोजणी केली. गरोदरपणात मूत्रपिंडाची गाळण निम्म्याने वाढते असं दिसलं. गाळण वाढली की रक्तातलं क्रिएटिनिन आणि युरिया उतरतं. अल्ब्युमिनही उतरतं, कारण रक्तातलं पाणी वाढतं. एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन मात्र वाढत नाहीत. म्हणून गरोदर बाईचं एसजीपीटी चढलेलं दिसलं तर ‘पोटात बाळ आहे, असं होतंच’ म्हणून सोडून देता येत नाही. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘गरोदर’ अशी चौकट ठेवून मर्यादेचा रकाना बदलायला कितीसा खर्च येतो? जिथे संगणकावर रिपोर्ट निघतात तिथे तर हे एका दुपारचं काम आहे. ते होत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्या देशात यकृत आणि बाळंतपण यांची गाठ पडली ती पाण्यामुळे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं घाण पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरलं आणि हजारो लोकांना कावीळ झाली. इतर लोक बहुतांशी बरे झाले. गरोदर बायका मात्र कितीतरी जास्त प्रमाणात दगावल्या. हा आजार काविळीच्या ‘ए’ विषाणूचा, असं बरीच वर्षं धरून चाललं होतं. दिल्लीच्या साथीतले रक्तनमुने जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खोरशेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांसोबत त्या नमुन्यांबरोबर अहमदाबाद आणि पुण्याच्या नंतरच्या साथींतले नमुनेही तपासले. १९८० साली त्यांनी जाहीर केलं की हा ‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे. त्याच वर्षी काश्मीरच्या साथीवरून मोहम्मद खुरू यांनीही तेच सांगितलं. पुढे या विषाणूला ‘ई’ हे अक्षर मिळालं. २०१२ साली इचलकरंजीत याच विषाणूची साथ आली, म्हणजे ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही.

काविळीची गरोदर बाई दाखल झाली की डॉक्टरांपुढे खरा पेच असतो तो निदानाचा, कारण तीन वेगळे आजार जवळजवळ एकाच चेहऱ्याने येतात. पहिला हा विषाणूचा. त्यात एसजीपीटी हजारांच्या घरात जाऊ शकतं, पण बाळंतपण लवकर केल्याने विषाणू काही जात नाही. दुसरा अमेरिकेच्या लुईस वाइनस्टाइन यांनी १९८२ साली एकोणतीस बायकांच्या नोंदींवरून ‘हेल्प’ हे नाव दिलेला. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात, प्लेटलेट घसरतात. तिसरा ‘अॅक्यूट फॅटी लिव्हर’. हे यकृतात चरबी साठण्याचं दुखणं शेवटच्या महिन्यांत येतं. त्यात साखर घसरते, रक्त गोठायला वेळ लागतो आणि क्रिएटिनिन सुरुवातीलाच चढतं. एसजीपीटी मात्र काहीशेच असतं. अननुभवी नजर त्या ‘काहीशेच’वर समाधान मानते. शेवटच्या दोन्ही आजारांत बाळंतपण उरकणं हाच मुख्य उपाय. साखर, प्रोथ्रोम्बिन टाइम, प्लेटलेट, एलडीएच आणि क्रिएटिनिन एकत्र मांडूनच वाट कोणती ते ठरतं. सुटा एखादा आकडा इथे दिशाभूल करतो.

‘हेल्प’चं दुखणं बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या खळगीत येतं. अॅसिडिटी म्हणून गोळी दिली जाते, पित्ताशयाची सोनोग्राफी होते, कधी रक्तदाबही फारसा चढलेला नसतो. काहींच्या लघवीत प्रथिनही नसतं. शेवटी २०१३ साली अमेरिकेच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने प्रथिन आणि रक्तदाबाची ती जुनी जोडी सोडली. रक्तदाबाबरोबर प्रथिन नसलं तरी चालेल. प्लेटलेट लाखाच्या खाली, एन्झाइम्स दुपटीवर, किंवा क्रिएटिनिन १.१ च्या वर असेल तर गरोदरपणातल्या त्या रक्तदाबाच्या आजाराचं निदान धरावं, असं ठरलं. आजार मूत्रपिंडापुरता नाही, सगळ्या शरीराच्या रक्तवाहिन्यांचा आहे, हे त्यामागचं कारण. २००३ साली बोस्टनमध्ये भारतीय वंशाचे अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी वारेतून रक्तात उतरणाऱ्या एका प्रथिनाकडे बोट दाखवलं होतं. त्यावर आधारलेली रक्ततपासणी आता आली आहे आणि पुढच्या आठवड्यात धोका नाही एवढं ती बऱ्यापैकी खात्रीने सांगते. तालुक्याच्या ठिकाणी मात्र ती मिळायला वेळ लागेल.

एक अध्याय मात्र समाधानाने लिहावा असा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत बायकांची मूत्रपिंडं बंद पडण्याचं एक मोठं कारण होतं चोरून, अस्वच्छ हातांनी केलेला गर्भपात. चंदीगडच्या पीजीआयमधल्या के. एस. चुघ यांच्या १९७६ च्या नोंदींत अचानक मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांपैकी पाचातला एक बाळंतपणाशी किंवा गर्भपाताशी निगडित होता. गर्भपात कायदेशीर करावा अशी शिफारस ज्या समितीने १९६६ साली केली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. कायदा १९७१ चा, अंमल १९७२ पासून. पुढे जंतुदोषाच्या गर्भपातातून येणारं मूत्रपिंडाचं दुखणं हळूहळू ओसरत गेलं. कायद्याने मूत्रपिंडं वाचवल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे आकडे वेगळ्या कामाला येतात. सिझेरियनसाठी पाठीत सुई देऊन भूल द्यायची तर प्लेटलेट पुरेशा हव्यात, नाहीतर मणक्याजवळ रक्त साकळायची भीती. झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचं श्रेष्ठत्व १९९५ च्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं. त्यात भारतातल्या बायकाही होत्या. पण मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडांतूनच. म्हणून पुढचा डोस भरण्याआधी सिस्टर तीन गोष्टी पाहते: गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो का, मिनिटाला श्वास सोळा तरी आहेत का, आणि पिशवीत चार तासांत १०० मिलिलिटर लघवी जमली का. यातलं एक जरी चुकलं तरी डोस थांबतो. कॅल्शियम ग्लुकोनेटची अॅम्प्यूल उशाशी तयार असते. रात्री दोन वाजता लॅब बंद असलेल्या ग्रामीण रुग्णालयात ती लघवीची पिशवी हीच मूत्रपिंडाची तपासणी.

शस्त्रक्रियेनंतर मात्र ढिलाई होते. टाके दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक सर्रास दिलं जातं. क्रिएटिनिन चढलेल्या किंवा रक्तस्राव झालेल्या बाईच्या मूत्रपिंडांवर त्याचा आणखी ताण पडतो. ‘हेल्प’ बाळंतपणानंतरच्या दोन दिवसांतही सुरू होऊ शकतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं.

२०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाची सरासरी ९७ होती. हे यश खरं आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदरपणाच्या मोफत तपासणीचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं. पण ती तपासणी बाळंतपणाशी संपते. नॉर्वेच्या नोंदींवरून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणात रक्तदाब आणि प्रथिनाचा हा आजार झालेल्या बायकांना पुढच्या आयुष्यात डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचा धोका कितीतरी पट जास्त दिसला. एकूण प्रमाण थोडंच असलं तरी तो धोका त्या बाईच्या मागे राहतो. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन पाहिलं, तर राहून गेलेला बिघाड सापडतो. बाळाला लस द्यायला आई त्या सुमारास केंद्रावर येतेच. लसीच्या कार्डावर आईच्या या तीन तपासण्यांसाठी एक ओळ हवी, आणि ती भरायला सांगणारी सिस्टर त्याच टेबलामागे बसलेली असते.