ड्रिफ्ट मोटारींच्या बाह्यभागांसाठी हलक्या साहित्याची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
मोटारीची मागील चाके हेतुपुरस्सर घसरवून, तिच्यावरील नियंत्रण न गमावता वळण पार करण्याच्या कौशल्यास ‘ड्रिफ्टिंग’ असे म्हणतात. जपानमधील घाटरस्त्यांवर विकसित झालेल्या या प्रकारास केइची त्सुचिया यांच्यामुळे प्रसिद्धी लाभली. २००१ पासून जपानमध्ये ‘डी-वन ग्रांप्री’ आणि २००४ पासून अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ या स्पर्धामालिका सुरू झाल्या. या क्रीडाप्रकारात मोटारीचे वजन घटविण्यास महत्त्व असले, तरी ‘सर्वांत हलके तेच सर्वोत्तम’ हा समज सदोष आहे. प्रस्तुत लेखात साहित्याचे गुणधर्म व प्रत्येक भागाचे कार्य यांची सांगड घालून या निवडीचे विवेचन केले आहे.

वजन व त्याचे स्थान :
ड्रिफ्टमध्ये मोटार एका वळणातून दुसऱ्या वळणात क्षणार्धात दिशा बदलते. या फिरण्यास होणारा विरोध वस्तुमान व फिरण्याच्या अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग यांवर अवलंबून असतो. अक्षापासून २ मीटर अंतरावरील बंपरमधील ५ किलोग्रॅम वजन हे अर्ध्या मीटरवरील तेवढ्याच वजनाच्या तुलनेत १६ पट विरोध करते. म्हणून बंपर, बॉनेट व डिकीचे झाकण येथील बचत अधिक फलदायी ठरते. तथापि मागील चाकांवरील भार फार घटल्यास त्यांची पकड कमी होते. बॅटरी मागील बाजूस हलविण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली आहे.

साहित्याची तुलना :
पोलादाची घनता सुमारे ७.८५, ॲल्युमिनियमची २.७, काचतंतूयुक्त प्लास्टिकची (बोलीभाषेतील ‘फायबर’) सुमारे १.५ आणि कार्बन तंतूयुक्त प्लास्टिकची सुमारे १.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. परंतु केवळ घनतेवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. सपाट पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध यंगचा गुणांक आणि जाडीचा घन यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. हा गुणांक पोलादासाठी २००, ॲल्युमिनियमसाठी ७०, विणलेल्या कार्बन कापडाच्या साहित्यासाठी सुमारे ६० व साध्या काचतंतू-मॅटच्या साहित्यासाठी सुमारे ७ गिगापास्कल धरल्यास, ०.७ मिलिमीटर पोलादी पत्र्याइतक्या ताठरपणासाठी अनुक्रमे १.०, १.०५ व २.१ मिलिमीटर जाडी लागते. वजन मात्र पोलादाच्या सुमारे ४९, ३० व ५८ टक्के भरते. म्हणजेच घनता पोलादाच्या पाचव्या हिश्श्याइतकी असूनही फायबरमुळे होणारी खरी बचत दोन पंचमांशांच्या आसपासच राहते.

भागनिहाय निवड :
१) बंपर व बाजूच्या पट्ट्या : जोडीने धावणाऱ्या मोटारींत येथे धक्के वारंवार बसतात. फायबर स्वस्त असून मॅट व रेझिन वापरून दुरुस्त करता येते. मात्र ते धारदार तुकड्यांत फुटते. पॉलियुरेथेन तुलनेने जड असले, तरी लवचीक असल्याने आघात सोसते. वारंवार तुटणाऱ्या जागी महागडे कार्बन वापरणे व्यवहार्य नाही.
२) बॉनेट व डिकीचे झाकण : हे भाग बोल्टने बसविलेले, मोठ्या क्षेत्रफळाचे व धक्क्यापासून तुलनेने दूर असल्याने कार्बन येथे सार्थ ठरते. मात्र हलके बॉनेट वाऱ्याच्या दाबाने उचलले जाऊ नये, म्हणून स्वतंत्र खिळ्या बसविणे आवश्यक आहे.
३) खिडक्या : काचेची घनता सुमारे २.५, तर पॉलिकार्बोनेटची १.२ आहे. ते सहसा फुटत नाही, परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात.

मर्यादा व सुरक्षितता :
पुढील मडगार्ड बहुधा बोल्टने जोडलेले असतात. छत व मागील बाजूचे पत्रे मात्र सांगाड्याशी वेल्ड केलेले असून ते भार वाहतात. रुंद चाकांसाठी हे पत्रे कापल्यास आतील व बाहेरील थर पुन्हा वेल्ड करणे अनिवार्य आहे. अनेक मोटारींच्या मूळ दारांत बाजूच्या आघातापासून रक्षण करणारा पोलादी दांडा असतो. दाराशी आडव्या नळ्या असलेला संरक्षक पिंजरा बसविल्याखेरीज अशी दारे बदलणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळणे होय. कार्बन व ॲल्युमिनियम यांचा थेट संपर्क ओलाव्यात आल्यास ॲल्युमिनियम गंजते. म्हणून दोहोंमध्ये विद्युतरोधक थर हवा. तंतूयुक्त साहित्य घासताना उडणारी धूळ अपायकारक असल्याने मुखपट्टी व वायुवीजन यांची व्यवस्था असावी. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते. त्यामुळे असे प्रयोग सार्वजनिक रस्त्यांवरील वाहनांवर न करता बंदिस्त ट्रॅकवरील मोटारींपुरते मर्यादित ठेवणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :
साहित्याची निवड करताना तो भाग भार वाहतो का, तो किती वेळा तुटतो आणि अक्षापासून किती दूर आहे, हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. भार वाहणाऱ्या भागास हात लावू नये. वारंवार तुटणाऱ्या भागासाठी स्वस्त किंवा लवचीक साहित्य घ्यावे. आणि टोकाकडील, क्वचित तुटणाऱ्या भागांवरच अधिक खर्च करावा. चालकाच्या संरक्षणाची किंमत देऊन साधलेली वजनाची बचत ही बचत नव्हे.